वावरातलं काम वेगळं, ताकदीचा व्यायाम वेगळा: पंचेचाळिशीनंतरच्या बायांसाठी पहिले 12 आठवडे

"दिवसभर वावरात राबतो, आम्हाले काय पायजे व्यायाम?" गावात हा विषय काढला की पहिला प्रश्न हाच येतो आणि तो रास्त आहे. मग राबणाऱ्या बाईचीच कंबर आधी का धरते, खाली बसल्यावर उठायला तिलाच हात का टेकावा लागतो, हेही विचारायला हवं.

स्नायू वाढतो तो सवयीपेक्षा थोडा जास्त भार पडल्यावर आणि त्यानंतर दोन दिवस विसावा मिळाल्यावर. निंदणात किंवा कापूस वेचणीत यातलं काहीच होत नाही. भार तोच, वाकणं तेच, हात हजारदा चालतो पण हलकाच चालतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शरीर थकतं, बळकट होत नाही. त्यात चाळिशीच्या आधीपासूनच स्नायू हळूहळू झिजायला लागलेले असतात. आपल्याकडे पाळी साधारण 46-47 व्या वर्षाच्या आसपास जाते. मग इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घटतं आणि पुढची काही वर्षं हाडं झपाट्यानं विरळ होतात. ज्यांची गर्भपिशवी अंडाशयांसकट काढली आहे, त्यांच्यात हे ऑपरेशनच्या दिवसापासूनच सुरू होतं, मग वय 35 का असेना. म्हणून पिशवी काढलेल्या बाईनं हा लेख पंचेचाळिशीची वाट न पाहता वाचावा.

जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस अशी आहे: प्रौढांनी आठवड्यातून किमान 2 दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम करावा आणि पासष्टीपुढच्यांनी त्यासोबत किमान 3 दिवस तोल सांभाळण्याचाही. इथे दिलेला कार्यक्रम 2 दिवसांचा आहे. एका वेळी 30 ते 40 मिनिटं लागतात. जिम लागत नाही.

आधी उपकेंद्रात जाऊन या

एकदा रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन पाहून घ्या. उपकेंद्राच्या पाटीवर आता आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलेलं असेल, तिथेच किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हे होतं. आशाताईला विचारलं तर ती दिवस सांगते. पुढीलपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजन उचलू नका: रक्तदाब 180/110 च्या वर, चालताना छातीत दुखणं किंवा दडपणं, गेल्या तीन महिन्यांतलं पोटाचं ऑपरेशन, हर्निया, अंग बाहेर येणं, साध्या पडण्यानं किंवा खोकल्यानं मोडलेलं हाड.

अंग बाहेर येतं ही गोष्ट बाया लाजेपायी वर्षानुवर्षं सांगत नाहीत आणि मग पाण्यानं भरलेला गुंड उचलत राहतात. त्रास कमी असेल तर उपचारासोबत हलका व्यायाम चालतो, पण तपासणी आधी हवी.

सिकलसेल हा आपल्या भागाचा खास मुद्दा. पूर्व विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे, तो बराच आढळतो. हा आजार असलेल्या बाईला पाणी कमी पडलं, ऊन लागलं किंवा दम तुटेपर्यंत श्रम झाले तर जीवघेण्या वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानंच सुरू करावं आणि धाप लागेपर्यंत कधीच जाऊ नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी करू नका आणि गुळाचा खडा जवळ ठेवा. घाम फुटून हातपाय थरथरले तर तो लगेच तोंडात टाका.

गुडघे दुखतात म्हणून थांबायची गरज नाही. झिजलेल्या गुडघ्याला मांडीच्या स्नायूचाच आधार लागतो. नियम एवढाच: दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पहिल्यासारखं व्हायला हवं. तसं झालं नाही तर पुढच्या वेळी वजन किंवा खोली कमी करा. गुडघा नुसता कटकट वाजतो, दुखत नाही, तर वाजू द्या.

आज कुठे आहात ते मोजा

हात नसलेली प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हाताची घडी छातीवर. मोबाइलवर 30 सेकंद लावा आणि पूर्ण उभं राहून पूर्ण बसणं किती वेळा होतं ते मोजा. 60 ते 64 वयात 12 पेक्षा कमी, 65 ते 69 मध्ये 11 पेक्षा कमी आणि 70 ते 79 मध्ये 10 पेक्षा कमी आलं, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरतात. साठीच्या आतल्यांनी आपला आकडा नुसता कॅलेंडरवर लिहून ठेवावा. दुसरी चाचणी तोलाची: एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून, एका ओळीत उभं राहायचं. 10 सेकंदांच्या आत तोल गेला तर पुढे दिलेला तोलाचा भाग रोज करा, दोन दिवस नव्हे.

सामान

दोन बादल्या, झाकणाच्या असल्या तर उत्तम. घर रंगवून उरलेल्या 20 लिटरच्या बादल्या फार कामाच्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. लिटरच्या मापानं पाणी ओतत जा आणि दर लिटरला आतून नेलपॉलिशनं रेघ मारा. एवढ्यानं तुमच्याकडे एकेक किलोनं वाढणारं वजन तयार झालं. दुकानातलं डंबेल इतकं सोयीचं नसतं. अडचण एकच, पाणी डचमळतं. ते नको असेल तर कोरडी रेती भरा. एक लिटर रेती दीड किलोच्या आसपास भरते. नेमकं वजन हवं असेल तर कापूस मोजायचा टांगता काटा घरात असतोच, त्याला बादली अडकवा. रंगाच्या बादलीची तारेची कडी हाताला कापते, तिला जुन्या पातळाची पट्टी गुंडाळा.

सायकलची जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडे मिळते. वॉलचा भाग कापून टाका, उरलेली लांब पट्टी म्हणजे ओढायचा रबर. वापरायच्या आधी दर वेळी उजेडात ताणून पाहा. बारीक भेग दिसली की ती ट्यूब फेका, तुटली तर सरळ तोंडावर बसते.

भरलेल्या युरियाच्या पोत्याच्या वाटेला जाऊ नका. ते आता 45 किलोचं येतं, आणि हौसेनं उचललेल्या पहिल्याच पोत्यानं कंबरेत उसण भरली की व्यायामाचं नाव कायमचं बदनाम होतं. रिकाम्या पोत्यात 3-4 किलो रेती भरून तोंड घट्ट शिवून घेतलं तर मात्र छातीशी धरायला छान गाठोडं होतं.

पातळाचा काठ पायात येतो, म्हणून सलवार किंवा पोराची जुनी ट्रॅक पँट घाला. कासोट्याचं नऊवारी असेल तर तेही उत्तम, उठबस करायला त्याहून मोकळं वस्त्र नाही. पाय अनवाणी, जमीन कोरडी. स्लिपर घालून करू नका. जोडवी बोटात रुतत असतील तर तेवढ्यापुरती काढा, आणि ट्यूब ओढताना काचेच्या बांगड्या मनगटावर पदराच्या पट्टीनं बांधून घ्या.

सहा हालचाली

सुरुवातीला पाच मिनिटं अंगणात चाला, खांदे फिरवा, बिनवजनाची दहा उठबस करा. मग पुढचा क्रम.

पहिली, उठबस. बाजेवर करू नका. सुंभाची असो की नवारीची, ती मधे खोल जाते आणि गुडघ्यावर ताण येतो. भिंतीला टेकलेली खुर्ची किंवा ओट्याची कड घ्या. पाय खांद्याइतके लांब, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका आणि टाचांनी जमीन ढकलत उठा. उठताना श्वास बाहेर. बसताना मनात एक, दोन, तीन म्हणत सावकाश या. शेवटच्या वीतभर अंतरात बहुतेक जणी धपकन पडतात, खरी मेहनत तिथेच असते. गुडघे आत वळत असतील तर त्यांच्याभोवती ओढणी सैल बांधा आणि ती बाहेर ताणत राहा. जमत नसेल तर खुर्चीवर गोधडीची घडी टाकून बैठक उंच करा. 12 वेळा सहज जमू लागलं की घडी काढा, मग रेतीचं गाठोडं छातीशी धरा.

दुसरी, खुब्यातून वाकून उचलणं. सगळ्यांत महत्त्वाची हालचाल हीच, आणि शिकायला सगळ्यांत अवघडही. आयुष्यभर आपण पाठ गोल करून वाकलो आहोत, निंदताना, सडा टाकताना, नळाखालची बादली उचलताना. ती सवय मोडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभ्या राहा. गुडघे किंचित सैल. आता कुल्ले मागे नेऊन भिंतीला टेकवा, जसं हातात परडी असताना गोठ्याचं दार मागनं ढकलतो तसं. छाती आपोआप पुढे झुकेल, पाठ सरळ राहील. ती खरंच सरळ आहे का, हे पाहायला सोबतिणीला तुमच्या पाठीवर काठी उभी धरायला सांगा. काठी तीन जागी टेकली पाहिजे: डोक्याच्या मागे, पाठीच्या मध्यावर आणि माकडहाडावर. वाकताना यातली एकही जागा सुटली की पाठ वाकली. मांडीच्या मागे ताण जाणवला तर बरोबर, कंबरेत जाणवला तर चूक. काठी सलग दहा वेळा टेकलेली राहिली की मगच बादली घ्या. बादली जमिनीवर ठेवू नका, पाटावर किंवा दोन-तीन विटांवर ठेवा आणि दोन्ही पायांच्या मधे घ्या. सुरुवात 5-6 किलोनं. उचलताना श्वास सोडा, वर आल्यावर कुल्ले आवळा, मागे कलू नका. 15 किलो नीट उचलता यायला लागले की एकेक वीट काढत खाली या.

ज्यांचं हाड विरळ झालं आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांनी पाठ गोल करून वाकणं आणि उताणं निजून धड वर उचलायच्या पोटाच्या उठाबशा दोन्ही पूर्ण टाळाव्यात. अशा मणक्याला त्यातून इजा होऊ शकते.

तिसरी, ढकलणं. भिंतीपासून हातभर मागे उभ्या राहा, तळवे छातीच्या उंचीवर, शरीर फळीसारखं सरळ. कोपर वाकवून नाक भिंतीजवळ न्या, परत ढकला. 12 जमले की ओट्याच्या कडेवर हात टेकून करा. ओटा उन्हानं तापलेला असतो, हात लावून पाहा.

चौथी, ओढणं. ट्यूब ओसरीच्या खांबाला बेंबीच्या उंचीवर गुंडाळा, दोन्ही टोकं हातात धरा, मागे सरका. कोपरं बरगड्यांना घासत मागे न्या, दोन सेकंद थांबा, सावकाश सोडा. खांदे कानाकडे चढू देऊ नका. दिवसभर पुढे वाकणाऱ्या पाठीला या एका हालचालीनं लवकर फरक वाटतो. वाळवी लागलेल्या खांबाला किंवा नुसत्या मांडवाच्या बल्लीला ट्यूब बांधू नका.

पाचवी, बादल्या घेऊन चालणं. दोन्ही हातांत सारखं वजन, सुरुवातीला 5-5 किलो, अंगणात 20 पावलं जाऊन 20 पावलं परत. मान ताठ, पावलं छोटी. डोक्यावर गुंड नेण्याची सवय असली तरी हे वेगळं आहे. तिथे भार मानेवर आणि कण्यावर बसतो, इथे तळहाताची पकड, खांदे आणि कंबर एकदम कामाला लागतात. नंतर एकाच हातात बादली घेऊन, वाकडं न होता चाला. पोटाच्या कडेच्या स्नायूंना यापेक्षा सोपा व्यायाम नाही.

सहावी, टाचा आणि तोल. चौकट धरून टाचा उचला, तीन मोजत खाली. 15 वेळा. मग एका पायावर 10 सेकंद, एक बोट भिंतीला. बोट काढता आलं की काढा.

किती, कधी

आठवड्यातले दोन दिवस ठरवा, मधे किमान दोन दिवसांची सुट्टी. सोमवार-गुरुवार चालेल, बाजाराचा दिवस टाळा.

पहिले दोन आठवडे प्रत्येक हालचालीची एकच फेरी, 8 वेळा. हे फारच थोडं वाटेल आणि तसंच वाटायला हवं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन फेऱ्या. पाचव्यापासून पहिल्या दोन हालचालींच्या तीन फेऱ्या, बाकीच्यांच्या दोन. बादल्यांची फेरी म्हणजे एक जाणं-येणं, सहावीचे आकडे वर दिले आहेत तेच. दोन फेऱ्यांत दीड-दोन मिनिटं बसा, पाणी प्या, गप्पा मारा. हा वेळ वाया जात नाही.

वजन वाढवायचा हिशोब असा: 8 वेळांवरून हळूहळू 12 वर जा. दोन्ही दिवशी सगळ्या फेऱ्यांत 12 नीट झाले, तर पुढच्या आठवड्यात बादलीत एक-दोन लिटर वाढवा आणि परत 8 पासून सुरू करा. फेरी संपताना "अजून दोन-तीन जमले असते" एवढं वाटलं तर वजन बरोबर. "अजून दहा जमले असते" वाटलं तर ते कमी आहे. पहिल्या महिन्यात ताकद वाढलेली जाणवते ती बरीचशी मेंदू आणि नसा हालचाल शिकल्यामुळे. स्नायू दिसण्यासारखा भरायला 8 ते 12 आठवडे लागतात. काट्यावरचं वजन बहुधा हलणार नाही, त्यावरून निकाल लावू नका.

पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतील, दुसऱ्या दिवशी जास्त. तीन दिवसांत ते ओसरतं. सांधा सुजणं, मुंग्या येणं, पायात वीज चमकल्यासारखी कळ जाणं हे मात्र त्यातलं नाही. तिथे थांबा आणि दाखवा.

हमखास होणाऱ्या चुका

श्वास कोंडून उचलणं. रक्तदाब क्षणात चढतो. मोजणी मोठ्यानं म्हणा, म्हणजे श्वास कोंडताच येत नाही. लघवी निसटत असेल तर तीही बहुतेक वेळा याच कोंडण्यानं. उचलण्याआधी लघवीची जागा आत आवळून घ्या, श्वास सोडत उचला, वजन थोडं कमी करा.

वर्षभर त्याच लिटरभर बाटलीवर राहणं. ज्या बाईनं 15 लिटरचा गुंड डोक्यावर वाहिला आहे, तिला एक किलोची बाटली हलवून काय होणार? जपून करायला हवं हे खरं, पण जपणं म्हणजे कायम हलकंच उचलणं असं नाही.

बचत गटात एकत्र केलं की पैज लागते. चौघी जमल्या की कोण जास्त उचलतं ते पाहायचा मोह होतोच. प्रत्येकीची वही वेगळी ठेवा आणि स्पर्धा स्वतःच्या मागच्या आकड्याशी लावा. गटाचा फायदा मात्र मोठा: एक करते, दुसरी काठी धरते, तिसरी मोजते. आणि "म्हातारपणी काय हे थेर" म्हणणाऱ्यांना एकटीपेक्षा चौघींचं हसणं पुरून उरतं.

ऊन आणि हंगाम

मार्च ते जून व्यायाम सकाळी साडेसहाच्या आत उरका. मे महिन्यात पारा 45 पार जातो आणि टिनाच्या छपराखाली संध्याकाळीही भट्टीच असते. सुरू करायला बरा काळ म्हणजे वेचणी संपल्यावरचा, फेब्रुवारीचा. बारा आठवडे पेरणीच्या आधी पूर्ण होतात.

धानाची रोवणी, निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, या दिवसांत दोन दिवस जमणार नाहीत. जमवूही नका. आठवड्यातून एकच दिवस, पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या हालचालीची एकेक-दोन फेरी करा, पण वजन तेवढंच ठेवा. वजन न उतरवता फेऱ्या कमी केल्या तर कमावलेली ताकद बरीचशी टिकते. महिनाभर पूर्ण खंड पडला तर निम्म्या वजनापासून परत या.

ताटातलं

व्यायाम केला आणि ताटात नुसती भाकर-चटणी असली तर स्नायू बनणार कशाचा? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार रोज किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. वय वाढल्यावर आणि वजनं उचलताना 1 ते 1.2 ग्रॅम धरणं बरं. म्हणजे 55 किलोच्या बाईला 55 ते 66 ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दिवसाचा हिशोब पाहा. ज्वारीच्या तीन भाकरी 18 ग्रॅम, 40 ग्रॅम तुरीच्या डाळीचं वरण 9, मूठभर चण्याची उसळ 8, 30 ग्रॅम शेंगदाणे 7, पाव लिटर दूध किंवा दही 8. झाले 50. दोन अंडी घेतली तर 12 वाढले. अंडी चालत नसतील तर 25 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, त्यांचे 13. यात अडचण पैशापेक्षा वाढण्याच्या क्रमाची असते. घट्ट वरण आधी वाढलं जातं आणि घरातल्या बाईच्या वाट्याला वरचं पाणी उरतं. स्वतःची वाटी आधी बाजूला काढून ठेवा.

आपल्याच वावरातलं सोयाबीन पोत्यानं विकलं जातं आणि घरात दाणा शिजत नाही, हे तर फारच झालं. एक किलो सोयाबीन निवडून उकळत्या पाण्यात 20-25 मिनिटं उकळा, पाणी फेका, उन्हात कडकडीत वाळवा आणि 9 किलो ज्वारी किंवा गव्हात मिसळून दळून आणा. कच्चं दळू नका. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उकळल्यानं बराचसा जातो. भाकरी थोडी पिवळसर होते, चवीत फारसा फरक पडत नाही. पीठ महिन्याच्या आत संपेल एवढंच दळा, सोयाबीनच्या तेलामुळे ते खवट होतं.

बारावा आठवडा संपला की तीच खुर्ची, तीच भिंत, अनवाणी पाय, 30 सेकंद. नवा आकडा कॅलेंडरवरच्या जुन्या आकड्याशेजारी लिहा. एक-दोननं वाढला असेल तर कार्यक्रम तसाच पुढे न्या. जराही हलला नसेल तर वही उघडा: बहुतेक वेळा बादलीची रेघ चौथ्या आठवड्यापासून जिथली तिथेच सापडते.